फ्रॉगवर मरळ: उथळ पाण्यातली टॉपवॉटर मासेमारी, पहिल्यापासून क्रमाने

“हल्ला होतो, पाणी फुटतं, पण मासा लागत नाही.” इंदूरच्या आसपास फ्रॉग, म्हणजे पाण्यावर तरंगणारा पोकळ रबरी बेडूक, टाकायला लागलेल्या जवळजवळ प्रत्येकाची तक्रार हीच असते. त्याच्या मागोमाग येणारे प्रश्नही ठरलेले. दुसरा फ्रॉग घेऊ का? महागातला घेऊ का? रंग बदलू का? फ्रॉग बदलून हे दुखणं जात नाही, कारण चूक कामाच्या क्रमात असते. हूक घरी तपासलेला नसतो, काठावर पोचल्यापोचल्या पहिली कास्ट, म्हणजे फेक, गेलेली असते, आणि आवाज कानावर पडताच रॉड मागे ओढलेला असतो.

आपण हे शिकतो बास माशाच्या व्हिडिओंवरून. लार्जमाउथ बास उत्तर अमेरिकेचा. माळव्यातल्या तलावांत तो नाही. पाण्यावर तरंगणारी त्याचीच ल्यूर (खोटं आमिष) आपण टाकतो ती मरळीसाठी, जिला इकडचे मासेमार सौल म्हणतात. दोघांनाही उथळ, झाडोऱ्याचं पाणी आवडतं, दोघंही दबा धरून वरच्या भक्ष्यावर येतात. म्हणून ल्यूर तीच चालते. पुढचं मात्र सगळं सारखं नाही. बास तोंड उघडून पाण्यासकट भक्ष्य आत ओढून घेतो. मरळीचा जबडा टणक, दात अणकुचीदार. ती पुष्कळदा भक्ष्य आधी चावून धरते, खाली वळते, मग गिळते. मोठ्या मरळीला नुसत्या कल्ल्यांवर जगता येत नाही, थोड्या थोड्या वेळाने वर येऊन तिला हवा घ्यावीच लागते. आणि ती आपली पिल्लं राखते, नर-मादी दोघंही. खालच्या प्रत्येक टप्प्यात यांतलं काही ना काही कामी येतं.

टप्पा १: पाणी कोणाचं, आणि आत्ता उघडं आहे का

मध्यप्रदेशात १६ जून ते १५ ऑगस्ट मासेमारी बंद असते. हा विणीचा काळ आहे. त्या दिवसांत रॉड घरीच ठेवायचा. बाकीच्या महिन्यांतही तलाव मोकळाच असतो असं धरून चालू नका. गावचे तलाव बहुधा मत्स्य सहकारी समितीकडे किंवा पट्टेदाराकडे असतात, आणि त्यांनी त्यात पैसे खर्चून बीज सोडलेलं असतं. आदल्या दिवशी जाऊन भेटा, काय धरणार आणि किती नेणार ते सांगा. समितीचं लक्ष रोहू-कतल्यावर असतं आणि मरळ त्यांची पिल्लं खाते, त्यामुळे नीट विचारणाऱ्याला नकार मिळतोच असं नाही. तलावात शिंगाडा लावलेला असेल तर शिंगाडेवाल्याला वेगळं विचारा. त्याच्या वेलींतून फ्रॉग ओढणं म्हणजे त्याचं पीक तोडणं.

सिरपूर तलाव आणि यशवंत सागर २०२२ मध्ये रामसर यादीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, आले. सिरपूरला रॉड गाडीतून काढूच नका, ते पक्ष्यांचं पाणी आहे. यशवंत सागरच्या उथळ गवताळ काठांवर सारस वावरतात. तिकडे परवानगी मिळाली तरी सारसाची जोडी दिसताच तो काठ सोडून दुसरीकडे जा.

सावध. बडोद्याच्या वाचकांनी हा लेख जसाच्या तसा विश्वामित्री किंवा आजव्याच्या काठी वापरू नये. तिथे मगरी आहेत, आणि कडेला स्थिर उभं राहून पाणी न्याहाळणं हाच या मासेमारीचा निम्मा भाग आहे. मगरीच्या पाण्यात ही पद्धत नको.

दिवसांचं बोलायचं तर बंदी उठल्यावरचा भादवा-आश्विन उत्तम. काठचं गवत बुडालेलं असतं, पाणी कोमट असतं. मार्चपासून पाणी पुन्हा तापतं आणि जूनच्या मध्यापर्यंत चांगला हंगाम मिळतो. डिसेंबर-जानेवारीच्या थंड सकाळी मरळ सुस्त असते; त्या महिन्यांत पहाटे उठण्याचा हट्ट सोडा आणि उन्हं चांगली वर आल्यावर जा. एरवी पहाटेची आणि सांजेची वेळ, ढगाळ दिवस असेल तर दिवसभर. एप्रिल-मेच्या भर दुपारीही दाट पानांखाली मरळ असते, कारण त्या वेळी सावली तिथेच असते.

टप्पा २: सामान

रॉड साडेसहा ते सात फुटांचा, मीडियम-हेवी, फास्ट अ‍ॅक्शनचा. म्हणजे टोक थोडं लवचीक, खालचा भाग ताठ. मऊ रॉडने लांब फेकता येतं, पण टणक जबड्यात हूक बसवताना तो वाकूनच जातो आणि जोर हुकापर्यंत पोचत नाही. रील बेटकास्टर हवं असं काही नाही, ३००० किंवा ४००० आकाराचं स्पिनिंग रील पुरतं.

लाइनबाबत मात्र तडजोड करू नका. ४० ते ५० पौंड ताण सोसणारी ब्रेडेड (विणलेली) लाइन घ्या. ती ताणली जात नाही आणि पाण्यावर तरंगते. या दोन गुणांवर सगळी टॉपवॉटर मासेमारी उभी आहे. फ्लोरोकार्बन हा दुसरा लाइनप्रकार पाण्यापेक्षा जड असतो, बुडतो, आणि बुडताना फ्रॉगचं नाक खाली ओढतो. “लीडर (लाइनच्या टोकाला जोडायचा तुकडा) फ्लोरोचाच हवा” हा सल्ला तळाशी चालणाऱ्या ल्यूरसाठी आहे. दाट झाडोऱ्यात लीडर लावूच नका, ब्रेड थेट फ्रॉगला बांधा. मोकळ्या, नितळ पाण्यात पॉपर (ओढल्यावर ‘पॉप’ असा आवाज करणारी ल्यूर) टाकणार असाल तर हातभर जाड नायलॉन पुरे.

बरोबर लांब नाकाची पक्कड, लिप ग्रिप (माशाचा ओठ धरायचा चिमटा), वायर कटर, पोलराइज्ड चष्मा, टोपी आणि घोट्यावर येणारे बूट. चष्मा डोळ्यांच्या रक्षणासाठीही लागतो, कारण चुकलेला फ्रॉग दोन हूक घेऊन थेट तुमच्याकडे येतो.

तपासा. लाइन रुमालात गुंडाळून हाताने जोरात ओढा. ड्रॅग, म्हणजे लाइन सुटताना रीलने केलेला अटकाव, अगदी मुश्किलीने सरकला पाहिजे. सहज फिरत असेल तर आवळा. झाडोऱ्यात मरळीला दोन हात लाइन दिली की ती मुळांत शिरलीच म्हणून समजा.

टप्पा ३: फ्रॉगची तयारी, आदल्या रात्री

पाकिटातून काढलेला फ्रॉग तयार नसतो. हा टप्पा लोक गाळतात, आणि मासे सर्वांत जास्त इथेच हरवतात. म्हणून जरा सविस्तर.

आकारापासून सुरुवात. दुकानात दिसणारे मोठे, साडेसहा-सात सेंटिमीटरचे फ्रॉग मोठ्या तोंडाच्या बाससाठी बेतलेले असतात. आपल्या गावतळ्यांत चार ते पाच सेंटिमीटरचा फ्रॉग घ्या. तो मरळीच्या तोंडात पूर्ण जातो, आणि हूक आत जाण्यासाठी फ्रॉग आधी तोंडात जावा लागतो.

आता अंगठा आणि तर्जनीने अंग दाबा. पोकळ अंग सहज चेपून दोन्ही हूक पूर्ण उघडे पडले पाहिजेत. स्वस्त फ्रॉगचं रबर अनेकदा इतकं जाड असतं की हूक बाहेरच येत नाहीत. असा फ्रॉग कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवून, चेपून चेपून मऊ करा. तरीही ताठ राहिला तर बाजूला टाका. मरळीने तो पूर्ण चावला तरी हुकाचं टोक तिला शिवणार नाही.

मग हुकाची टोकं पाहा. ती अंगाला अगदी चिकटून असतील तर पकडीने प्रत्येक हूक किंचित बाहेर आणि वर वाकवा. किंचित म्हणजे डोळ्यांना जेमतेम कळेल इतकंच. जास्त वाकवलात तर प्रत्येक पानाला फ्रॉग अडकेल आणि त्याचा सगळा उपयोग संपेल. नंतर टोक अंगठ्याच्या नखावर हलकेच टेकवून सरकवा. नखावर रुतलं तर धार आहे. घसरलं तर बारीक कानशीने टोकाच्या दिशेने दोन-चार वेळा घासा. नवा हूक धारदारच असतो असं समजू नका.

पायांच्या झिरमिळ्या बहुतेक फ्रॉगला गरजेपेक्षा लांब असतात. मरळ मागून येते आणि झिरमिळ्याच धरते. अर्ध्यापर्यंत कापा, एक पाय दुसऱ्यापेक्षा अर्धा सेंटिमीटर आखूड ठेवा. असमान पायांमुळे फ्रॉग झटक्यासरशी डावी-उजवीकडे वळतो.

शेवटी नाकाजवळची फट. जिथून हुकाची दांडी बाहेर येते तिथून पाणी आत शिरतं. सुपर ग्लूचा एक थेंब तिथे पुरतो. मागचं छिद्र मात्र बुजवू नका. आत गेलेलं पाणी दाबून काढायला आणि अंग चेपताना हवा बाहेर जायला ते लागतं.

तपासा. बादलीत फ्रॉग सोडा. मागचा भाग थोडा बुडालेला, नाक वर, पोट खाली, हूक वर. कुशीवर पडत असेल तर रात्रीच दुसरा तयार करा.

रंगाबद्दल मला विचाराल तर त्यावर सर्वांत कमी वेळ घालवा. मासा खालून पाहतो, त्याला आकाशासमोरची आकृती दिसते. अंधूक प्रकाशात आणि गढूळ पाण्यात काळा, स्वच्छ उन्हात पांढऱ्या किंवा पिवळ्या पोटाचा. दोन फ्रॉग पुरतात.

टप्पा ४: गाठ

ब्रेडेड लाइन गुळगुळीत असते. नायलॉनला चालणारी साधी पिळाची गाठ तिच्यावर घसरते. पालोमर गाठ बांधा. लाइन दुमडून नाकाच्या कडीतून घाला, त्या दुमडीने सैल साधी गाठ मारा, दुमडीच्या फासातून अख्खा फ्रॉग पलीकडे काढा, थुंकीने ओली करा आणि दोन्ही पदर एकदम आवळा. सुटं टोक तीन-चार मिलिमीटर ठेवून कापा. मग फ्रॉग टॉवेलमध्ये धरून चांगला हिसका द्या. सुटायचीच असेल तर गाठ घरी सुटलेली बरी.

स्नॅप किंवा स्विव्हल (लाइन आणि ल्यूर जोडायच्या कड्या) लावू नका. त्यांचं वजन नाकावर येतं, नाक बुडतं आणि पानांचे देठ त्यात गुंततात.

टप्पा ५: काठावर पोचल्यावर कास्ट करू नका

इथे घाई करणाऱ्याला आधीच्या तयारीचा फारसा उपयोग होत नाही. गाडीचं दार आपटू नका. गवतातून येताना काठीने वाट ठोकत या, कारण घोणस आणि नाग दोन्ही अशाच जागी असतात. पण पाण्यापासून दहा-पंधरा पावलांवर ठोकणं थांबवा आणि पुढे पाय हळू टेकत या. मऊ काळ्या मातीतून पावलाचा धक्का पाण्यात पोचतो, आणि काठालगतची मरळ तो टिपते. सूर्य पाठीमागे खाली असेल तर तुमची लांब सावली पाण्यावर पडेल. कुशीला वळून अशी जागा धरा की ती काठावरच राहील.

मग काहीही न करता दहा मिनिटं थांबा. पाहायचं आणि ऐकायचं काय ते सांगतो.

मरळ हवा घ्यायला येते तेव्हा “गुळुक्” असा छोटा, गोल आवाज येतो आणि एक वर्तुळ उमटतं. आवाज कुठून आला ते एखाद्या खुणेशी जोडून ठेवा: बेशरमीचं तिसरं झुडूप, कमळाचं उलटलेलं पान. ती त्याच परिसरात पुन्हा वर येते. वारा नसताना पाणकणसाचा एखादाच दांडा हलला तर खाली मासा सरकला आहे. लहान चिंगळ्या एकदम पाण्याबाहेर उडाल्या तर त्यांच्या मागे कोणी तरी आहे. वंचक काठावर निवांत उभा असेल तर तिथे उथळ पाण्यात खाद्य आहे हे नक्की.

आणि एक खूण अशी, जी दिसली की तिथे टाकायचं नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर इवल्या लालसर-नारिंगी पिल्लांचा पुंजका वळवळत फिरत असतो. त्याच्या खाली आई-बाप असतात, आणि त्या पुंजक्यावर पडलेल्या कशावरही ते तुटून पडतात. भूक नसतानाही. त्यामुळे हा मासा पकडणं सर्वांत सोपं आहे, आणि म्हणूनच ते करू नये. राखणारा मासा काढला की तो पुंजका इतर मासे थोड्याच वेळात संपवतात. एका मरळीसाठी पुढच्या वर्षांचं पाणी रिकामं करायचं नसतं. असे व्हिडिओ टाकून वाहवा मिळवणारे बरेच आहेत. त्यांचं पाहून शिकू नका.

टप्पा ६: कास्ट, जवळून दूर

बहुतेकांची पहिली कास्ट सर्वांत लांबची असते. मग ओढत आणताना लाइन आणि फ्रॉग जवळच्या सगळ्या माशांवरून जातात, आणि एखादी मरळ लागलीच तर ती आजूबाजूचं पाणी ढवळत येते. क्रम उलटा ठेवा.

१. आधी काठाला समांतर, डावीकडे आणि उजवीकडे. बुडालेल्या गवताची कड, तुमच्यापासून पाच-सहा मीटर.

२. मग झाडोऱ्याची बाहेरची कड, जिथे पानं संपून मोकळं पाणी सुरू होतं.

३. मग पानांमधल्या मोकळ्या खिडक्या. आवाज टिपलेली खूण असेल तर ती आता घ्या.

४. शेवटी दाट जलपर्णीचा किंवा शेवाळाचा थर, आणि त्याच्याही पलीकडे.

नेम माशावर धरू नका. खुणेच्या दीड-दोन मीटर पलीकडे फ्रॉग पानावर किंवा समोरच्या काठावर पडू द्या आणि तिथून पाण्यात उतरवा. फ्रॉग हवेत असतानाच शेवटच्या क्षणी लाइनला बोट लावा, म्हणजे तो हळू टेकतो. डोक्यावर धप्पकन काही पडलं तर मरळ पळते. पानावरून काही घसरून पाण्यात आलं तर बघायला येते.

पडल्यावर वर्तुळं विरेपर्यंत थांबा. पुष्कळ हल्ले याच वेळी येतात, आणि नेमक्या याच वेळी लोक हँडल फिरवत असतात. त्यानंतर रॉडचं टोक पाण्याकडे झुकवून, मनगटाने लहान झटका, लगेच ढील. झटका, ढील. ढील दिली नाही तर फ्रॉग नुसता सरळ ओढला जातो, जागच्या जागी वळत नाही. पानांवरून आणताना उड्या मारत आणा आणि प्रत्येक खिडकीत पाच ते दहा सेकंद थांबा. ही सेकंदं फार मोठी वाटतात, म्हणून मोजा. खिडकी पार करून पुन्हा पानावर चढायच्या आधी अजून एक थांबा घ्या. मरळीला तीच कड आवडते.

मोकळ्या उथळ पाण्यात पद्धत बदला. तिथे मरळीला पुष्कळदा सावकाश, एकसारखी, न थांबणारी पोहणी चालते. मागे पाण्याची रेघ उठेल इतक्याच वेगाने रील फिरवा. बासच्या व्हिडिओत दिसणारी ओढा-थांबा लय आधी वापरून काही झालं नाही तर हे करून बघा. पॉपरचंही तसंच. आधी एक पॉप आणि लांब थांबा, मग छोट्या, मऊ पॉपची सलग मालिका. पॉपरला उघडे तिहेरी हूक असतात, म्हणून तो फक्त मोकळ्या पाण्यात.

तपासा. दर तीन-चार कास्टनंतर फ्रॉग दाबून पाणी काढा, हुकावरचं शेवाळ पुसा. शेवाळाचा एक धागा लटकत असला तरी हूक झाकला जातो.

टप्पा ७: हल्ला झाल्यावरचे दोन सेकंद

आता मूळ तक्रारीकडे. पाणी फुटलं, मोठा आवाज झाला. त्या क्षणी फ्रॉग कुठे आहे? तीन शक्यता आहेत. मरळीचा नेम चुकला आणि तो अजून पाण्यावर आहे. तिने पाय किंवा कडेचा भाग दातांत धरला आहे. किंवा तो पूर्ण तोंडात आहे. आवाज तिन्ही वेळा सारखाच येतो. आवाजावर झटका मारलात तर पहिल्या दोन्ही वेळी फ्रॉग हवेत उडतो, आणि तिसऱ्या वेळीही पुष्कळदा ती तोंड मिटायच्या आतच तो निसटतो. आवाज काहीच सांगत नाही. लाइनवर आलेलं वजन सांगतं.

म्हणून क्रम असा:

१. आवाज झाला की रॉडचं टोक माशाच्या दिशेने खाली न्या. ओढायचं नाही, उलट द्यायचं.

२. त्याच वेळी रील फिरवून ढील संपवा.

३. लाइन सरकायला लागली किंवा हाताला जिवंत वजन लागलं की रॉड जोरात वर ओढा. अर्धवट नको, कोपरापासून पूर्ण ताकदीने. टणक जबडा आहे, हूक त्यात घुसवावा लागतो.

४. थांबू नका. रॉड वर धरून रील फिरवत राहा, मरळीचं डोकं वर ठेवा आणि पानांवरून तिला सरकवत आणा.

“एक-दोन-तीन मोजून मारा” असा सल्ला मिळतो. सुरुवातीला हात थांबवायला त्याचा उपयोग होतो, पण त्यावर विसंबू नका. कधी मरळ फ्रॉग घेऊन लगेच पळते आणि तीन मोजेपर्यंत मुळांत शिरते. कधी ती बराच वेळ जागीच चावत बसते.

हे हाताला सवय लावून येतं, आणि सवय गच्चीवरही लावता येते. फ्रॉगच्या हुकांवर जाड टेप गुंडाळा. मित्राने दहा मीटरवर फ्रॉग हातात धरून बसायचं, तुम्ही तोंड फिरवायचं. त्याने कधी नुसती टाळी वाजवायची, कधी लाइन हलकी हलवायची, कधी फ्रॉग घट्ट धरून ओढायचा. तुम्ही फक्त फ्रॉग ओढला गेल्यावरच झटका मारायचा. दोन-चार संध्याकाळी हे केलं की टाळीला हात उठणं थांबतं.

चुकलेल्या हल्ल्यानंतर फ्रॉग तिथून काढून घेऊ नका. तो तिथेच पडू द्या, मग अगदी बारीक हलवा. मरळ बहुधा अजून खालीच असते. पुन्हा आली नाही तर बिनवजनाची मऊ ल्यूर त्याच जागी टाकून हळू बुडू द्या.

मासा कसा गेला यावरून चूक ओळखता येते:

– पाणी फुटतं पण फ्रॉग जागचा हलत नाही: नेम चुकतोय. वेग कमी करा, थांबे वाढवा, किंवा लहान फ्रॉग लावा.

– फ्रॉग खाली जातो, लगेच वर उसळतो: झटका लवकर पडतोय, किंवा फक्त पाय धरले जाताहेत. झिरमिळ्या आणखी कापा.

– वजन लागलं, झटका बसला, तरी अंगावर दातांचे ओरखडे घेऊन फ्रॉग परत आला: हूक अंगाला चिकटलेले आहेत. टप्पा ३ पुन्हा.

– मासा लागला आणि काही क्षणांत सुटला: हूक पूर्ण घुसला नाही. रॉड मऊ, ड्रॅग ढिला किंवा धार गेलेली.

– काठाजवळ सुटला: पाय घसरला म्हणून किंवा मासा दिसला म्हणून लाइन सैल सोडली.

मरळ पानांत घुसली तर रॉड वर-खाली पंप करू नका. लाइन ताणून, रॉड सरळ तिच्या दिशेने धरून, एकसारखा ओढा.

सावध. अडकलेला मासा किंवा फ्रॉग सोडवायला पाण्यात उतरू नका. काळ्या मातीच्या गाळात पाय गुडघ्यापर्यंत जातो आणि कमळाचे देठ भोवती गुंततात. फ्रॉग सोडून द्या. दूरवर वीज चमकली तरी रॉड खाली ठेवा आणि पाण्यापासून लांब जा. रॉड बहुधा कार्बन फायबरचा असतो, आणि कार्बन विजेचा वाहक आहे.

टप्पा ८: मासा हातात आल्यावर

बोटं तोंडात घालू नका. बासला अंगठ्याने खालचा ओठ धरून उचलतात, ते मरळीला करायला गेलात तर अंगठा फाटेल. लिप ग्रिप लावा, दुसरा हात पोटाखाली, आणि आधी ओला. तापलेल्या दगडावर किंवा धुळीत ठेवू नका, अंगावरचा चिकट थर निघतो. फ्रॉगचं अंग धरून, पकडीने हुकाची वाकण पकडा आणि ज्या दिशेने तो आत गेला त्याच्या उलट वळवा. घरून निघतानाच हुकाचे काटे पकडीने दाबून सपाट केलेले असतील तर हे सेकंदात होतं, आणि लाइन ताणलेली राहिली तर मासाही सुटत नाही.

हूक तुमच्याच हातात काट्यापलीकडे घुसला तर ओढून काढू नका. लाइन कापा, फ्रॉग हलणार नाही असा बांधा आणि दवाखान्यात जा. धनुर्वाताचं इंजेक्शन घेतलंय का ते डॉक्टरांना सांगा.

सोडायचा मासा उथळ पाण्यात उभा धरा, स्वतःहून निसटेपर्यंत. थोडा वेळ ठेवायचा असेल तर बंद जाळीच्या पिशवीत पूर्ण बुडवून ठेवू नका. मरळ पाण्यातही गुदमरते, तिला वर येऊन हवा घेता आलीच पाहिजे. खाण्यासाठी न्यायची तर एक न्या, मधल्या आकाराची. सर्वांत मोठी मरळ पाण्यात परत गेली पाहिजे, कारण मोठी मादी जास्त अंडी घालते.

टप्पा ९: घरी आल्यावर

फ्रॉग दाबून सगळं पाणी काढा आणि डबा उघडा ठेवून सावलीत वाळवा. ओला बंद केलात तर हूक आतून गंजतो आणि ते पुढच्या वेळी मासा सुटल्यावरच कळतं. मऊ प्लास्टिकच्या ल्यूर फ्रॉगपासून वेगळ्या ठेवा; एकमेकांना चिकटून त्या विरघळतात. ब्रेडेड लाइनचा पुढचा मीटरभर भाग बोटांतून फिरवा, खरखरीत लागला तर तेवढा कापा आणि गाठ नव्याने बांधा. कापलेले तुकडे कचऱ्यात टाकण्याआधी बोटभर लांबीचे करा. ही लाइन कुजत नाही, आणि काठावर पडलेल्या एका लांब तुकड्यात बगळ्याचा पाय अडकायला वेळ लागत नाही.